कागदी रुमालावरची शाबासकी

प्रश्न असा आहे: "ताई, मी पुण्यात प्रायोगिक नाटकं करतो. आमच्या ग्रुपमध्ये ‘बर्डमॅन’चं नाव निघालं की सगळे हळवे होतात. मी परवा तो पाहिला. सगळा सिनेमा एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसतो, ही करामत सोडली तर मला तो पोकळ वाटला. नटाने त्यातून नेमकं काय घ्यायचं? आणि कलाकार व्हायचं की सेलिब्रिटी, याबद्दल तो काही सांगतो का? मला एका मालिकेची विचारणा आली आहे, म्हणून जरा घाईने विचारतोय."

करामत आहेच, आणि तिच्याबद्दल पुढे बोलते. पण नटाने या सिनेमात शिरावं ते तालमीच्या दारातून. सुरुवातीला एका तालमीचा प्रसंग आहे. अभिनय म्हणजे काय, हे इतकं उघडं करून दाखवणारे प्रसंग मी पडद्यावर फार कमी पाहिलेत.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. आलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितू यांचा हा सिनेमा २०१४ चा. रिगन थॉमसन हा एके काळचा मोठा स्टार. पक्ष्याचा पोशाख घालणाऱ्या सुपरहिरोचे सिनेमे करून गाजला, १९९२ च्या सुमारास चौथ्या भागाला नाही म्हणाला आणि हळूहळू लोकांच्या लक्षातून गेला. आता घरदार पणाला लावून तो ब्रॉडवेवर नाटक उभं करतोय. रूपांतर त्याचं, दिग्दर्शन त्याचं, प्रमुख भूमिकाही त्याचीच. मूळ कथा रेमंड कार्व्हरची: दोन जोडपी टेबलाभोवती जिन पीत बसलेत आणि प्रेमाविषयी बोलतायत. शुभारंभ तोंडावर आलाय, त्याआधीचे प्रयोग सुरू होतायत आणि रिगनच्या डोक्यात तो जुना पक्षी सारखा टोचतोय की हे नाटक-बिटक सोड, तू स्टार आहेस.

तालमीत एक सहनट अगदीच सुमार काम करत असतो. वरून एक लाइट सुटतो आणि त्याच्या डोक्यात पडतो. तो आपणच मनाच्या ताकदीने पाडला, अशी रिगनची खात्री. (नट मंडळींत ही इच्छा किती जणांच्या मनात येऊन जाते, ते विचारू नकोस.) आता बदली नट हवा. रिगन एकेक मोठं नाव घेतो आणि त्याचा निर्माता-वकील मित्र सांगत जातो की हा या सुपरहिरोपटात अडकलाय, तो त्या. मग नाटकात काम करणाऱ्या लेस्लीच्या ओळखीने माइक शायनर येतो. हा रंगभूमीवरचा नावाजलेला नट, आणि एडवर्ड नॉर्टनने तो केलाय.

पुढचा प्रसंग नीट बघ. माइक रंगमंचावर येतो तो संवाद पाठ करूनच. रिगन त्याच्यासमोर आपली वाक्यं म्हणायला लागतो. बरी म्हणतो, वाईट नाही. पण ती वाक्यं समोरच्यापर्यंत पोचत नाहीत, मध्येच कुठेतरी हवेत राहतात. माइक त्याला थांबवतो. तू हे एकदा सांगितलंयस, परत तेच वेगळ्या शब्दांत कशाला सांगतोस, असं म्हणत वाक्यं उडवायला लावतो. मग तेच पुन्हा. कॅमेरा दोघांभोवती फिरतो आणि आपल्या डोळ्यांदेखत रिगनचं काम सुधारत जातं. आवाज खाली येतो, हात शांत होतात. आता त्याला माइककडे बघावंच लागतं, कारण माइक अपेक्षित जागी क्यू, म्हणजे पुढचं वाक्य उचलायची खूण, देत नाहीये.

या प्रसंगात सगळे नॉर्टनचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण रिगन झालेल्या मायकल कीटनचं काम त्याहून अवघड आहे असं माझं मत. वाईट अभिनयाची नक्कल कोणीही करतं; एकांकिकेत ‘नाटकातलं नाटक’ आलं की आपण हातवारे वाढवतो आणि हशे घेतो. मध्यम अभिनय करून दाखवायचा, तो मध्यमच आहे हे प्रेक्षकाला कळू द्यायचं, त्याची टिंगल होऊ द्यायची नाही आणि तीन-चार मिनिटांत तो पायरी-पायरीने चांगला होताना दाखवायचा, हे महाकठीण. प्रत्येक पायरीवर काय बदललं ते नटाला माहीत असावं लागतं. कीटनला ते माहीत आहे. आधी तो शब्दांची काळजी घेताना दिसतो, मग वाक्याच्या अर्थाची, आणि शेवटी समोरच्या माणसाची. वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत आपण जो प्रवास महिनाभर करतो, तो त्याने एका प्रसंगात बसवलाय.

भूमिका वाटतानाचा खट्याळपणाही लक्षात घे. मायकल कीटन १९८९ आणि १९९२ मध्ये बॅटमॅन होता. नॉर्टनने २००८ मध्ये हल्क केला होता. रिगनच्या मुलीचं, सॅमचं काम करणारी एमा स्टोन २०१२ च्या स्पायडरमॅनमध्ये नायिका होती. म्हणजे पोशाखी सिनेमांना नाकं मुरडणाऱ्या या गोष्टीत तिघे त्याच दुकानातून आलेले. असल्या योगायोगाच्या जिवावर सिनेमा चालवणं सोपं होतं. कीटनने ते केलं नाही. तो स्वतःबद्दल बोलतोय असं क्षणभर वाटतं आणि लगेच लक्षात येतं की हा रिगन फार अगतिक माणूस आहे, आणि त्याची अगतिकता बारकाईने रचलेली आहे.

आता माइक. तरुण नट या पात्राच्या प्रेमात पडतात. रंगमंचावर खरी जिन लागते म्हणणारा, ती बदलून पाणी ठेवलं म्हणून भर प्रयोगात भडकणारा, मोबाइलच्या पडद्यातून जग बघू नका म्हणून प्रेक्षकांवर ओरडणारा. त्या ओरडण्याला बालगंधर्व रंगमंदिरात मीही मनातल्या मनात टाळी दिली असती. ऐन शांत जागेवर कुणाच्या खिशात गाणं वाजलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण माइकच्या खरेपणाचा हिशोब मांडून बघ. रंगमंचावरच्या पलंगावर, प्रेक्षकांसमोर, तो लेस्लीशी तिच्या मर्जीविरुद्ध लगट करतो, कारण त्याला त्या क्षणी ‘खरं’ वाटतंय. सिनेमा तिथे हशा घेतो. मला तो हशा रुचत नाही. सहकलाकाराच्या विश्वासावर आपलं सगळं काम उभं असतं. मारामारीत गळ्यावर पडलेली बोटं किती दाबायची, हे तालमीत ठरतं आणि प्रयोगात तितकंच दाबलं जातं, म्हणून समोरची व्यक्ती मोकळेपणाने किंचाळू शकते. जो ते मोडतो त्याने कामात कुचराई केली, मग तो कितीही थोर असो. तरुणपणी मला असे दोन-तीन माइक भेटले. त्यांच्याबरोबरचे प्रयोग प्रेक्षकांना जिवंत वाटत, आम्ही मात्र विंगेत जीव मुठीत धरून उभ्या असायचो.

लेखकांना हे कळलेलं नाही असं नाही. गच्चीवरच्या प्रसंगात माइक सॅमला सांगतो की रंगमंच सोडून इतर सगळीकडे तो सोंगच करत असतो. शौर्यासारखं वाटणारं ते वाक्य खरं तर आजाराचं लक्षण आहे, आणि नॉर्टन ते तसंच म्हणतो, जरा ओशाळून. तरीही लेस्लीच्या बाजूने हा सिनेमा पुरेसा उभा राहत नाही. त्या प्रसंगानंतर मेकअप रूममध्ये ती नाटकातल्या दुसऱ्या अभिनेत्रीला, लॉराला विचारते, मला आत्मसन्मान का नाही? लॉरा म्हणते, कारण तू अभिनेत्री आहेस. हसू येतं आणि लगेच विरतं. नाओमी वॉट्सने या लेस्लीच्या तोंडी एक साधी कबुली फार सुंदर वठवली आहे: लहानपणापासून ब्रॉडवेवर उभं राहायचं स्वप्न होतं, आता तिथे पोचले, तरी कुणीतरी येऊन ‘तू पोचलीस’ म्हणेल याची वाट बघत बसल्येय. एवढं मोलाचं काही हाती आल्यावर लेखकांनी दोघींना एक चुंबन देऊन तो धागा तिथेच सोडला. चार पुरुषांनी मिळून लिहिलेली पटकथा आहे, आणि इथे ते जाणवतं.

कुणीतरी येऊन म्हणेल याची वाट बघणं. माझ्या लेखी सिनेमाचं मूळ तिथे आहे.

रिगनच्या खिशात एक कागदी रुमाल असतो, बारमध्ये ग्लासाखाली देतात तसला. शाळकरी वयात त्याने नाटकात काम केलं होतं. प्रेक्षकांत खुद्द रेमंड कार्व्हर होते आणि त्यांनी त्या रुमालावर प्रामाणिक कामाबद्दल आभार मानणारी ओळ लिहून पाठवली. त्या क्षणी आपण नट व्हायचं ठरवलं, असं रिगन माइकला भक्तिभावाने सांगतो. माइक रुमाल बघतो आणि म्हणतो, हा बारमधला आहे. म्हणजे लिहिणारा प्यायलेला होता.

हा टोला हशा घेण्यासाठी लिहिलाय, पण नटाला तो वर्मी लागतो, कारण आपल्या सगळ्यांकडे असा एक रुमाल असतो. पुण्यात तो बहुधा भरत नाट्य मंदिरात मिळतो. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा चालू आहे, म्हणजे किती पिढ्यांना तिथे आपापला रुमाल मिळाला असेल विचार कर. ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी, मग अंधार, मग परीक्षकांपैकी कुणीतरी पाठीवर ठेवलेला हात किंवा उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र. तो हात कुणाचा होता, त्यांनी त्या दिवशी आणखी कितीजणांच्या पाठीवर ठेवला, ते खरंच तुझं काम बघत होते की जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होते, हे आपण कधी तपासत नाही. तपासूही नये कदाचित. पण त्याच एका शाबासकीच्या व्याजावर तीस वर्षं काढली तर माणसाचा रिगन होतो.

आणि सेलिब्रिटीचं यंत्र त्या रुमालाचं काय करतं, तेही दाखवलंय. माइक वर्तमानपत्राला मुलाखत देतो आणि कार्व्हरमुळे आपण या क्षेत्रात आलो, ही गोष्ट स्वतःच्या नावावर खपवतो. रिगनचा सगळ्यात खाजगी क्षण दुसऱ्याच्या प्रसिद्धीचा मजकूर होतो. आपल्याकडच्या ‘नाटकाकडे कसे वळलात?’ छापाच्या मुलाखती आठव. प्रत्येकाकडे एक घासूनपुसून ठेवलेली गोष्ट असते, सांगून सांगून गुळगुळीत झालेली. माझ्याकडेही आहे.

म्हणून मला ‘कलाकार की सेलिब्रिटी’ हा प्रश्नच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. बारमधल्या प्रसंगात टॅबिथा ही बडी समीक्षक रिगनला तोंडावर सांगते की तू नट नाहीस, सेलिब्रिटी आहेस, आणि नाटक न बघताच मी ते संपवणार आहे. रिगन तिच्या वहीतले शब्द वाचून उसळतो: ही नुसती लेबलं आहेत, यात तुझं काहीच पणाला लागत नाही, माझं सगळं लागलंय. लिंडसे डंकनने अतिशय थंडपणे केलेलं काम. समीक्षक म्हणून मात्र ती व्यक्तिरेखा खोटी आहे. नाटक न पाहता निकाल ठरवणारे लोक असतील, पण असं जाहीर सांगून टाकण्याइतके बावळट नसतात. पुण्यात तर नाहीच नाहीत. इथे ते ‘प्रयत्न स्तुत्य’ असं लिहितात.

पण तिने आखलेली रेघ सिनेमा स्वतःच पुसतो, आणि ते फार हुशारीने. शुभारंभाला रिगन खरं पिस्तूल घेऊन जातो आणि रंगमंचावर स्वतःवर गोळी झाडतो. नाक उडतं, माणूस वाचतो. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी तीच टॅबिथा तोंड भरून कौतुक लिहिते, रंगभूमीला हरवलेलं रक्त मिळालं म्हणून. तिच्या लेखाचं शीर्षक हेच सिनेमाचं लांबलचक उपशीर्षक आहे, अज्ञानातून अनपेक्षितपणे निघालेल्या गुणाबद्दलचं. ज्याला ती सेलिब्रिटी म्हणाली तो रक्त सांडल्यावर कलाकार ठरला. माइकची खरी जिन आणि ही खरी गोळी एकाच वळणाच्या गोष्टी आहेत: ज्याला अभिनयावर भरवसा उरला नाही त्याने खऱ्या वस्तू आणल्या. टाळ्या दोन्हींना पडतात. दिग्दर्शक आपल्याला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत बसवून ठेवतो आणि खुलासा करत नाही. म्हणूनच शेवटी खिडकीतून तो उडाला की पडला, यावर चालणाऱ्या वादात मी पडत नाही. गोळीपर्यंत सिनेमाला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालेलं असतं.

आता करामत. सिनेमा एका शॉटमध्ये घेतलेला नाही हे तुला माहीत असेल. मोठमोठे शॉट घेऊन अंधाऱ्या बोळात, दाराआड, कॅमेरा झटक्यात वळताना त्यांचे जोड लपवले आहेत. गोळीनंतर तर उघड कट येतात. छायालेखन इमॅन्युएल लुबेझ्की यांचं. रंगमंच आणि प्रेक्षागृह खरं, न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरचं. मागचे बोळ आणि मेकअप रूम क्वीन्समधल्या स्टुडिओत उभारलेले. ते उभारण्याआधी नुसत्या आखलेल्या जागेत बदली माणसांसह तालमी झाल्या, म्हणजे बोळ चालण्याच्या आणि संवादाच्या हिशोबाने बांधता आला. चित्रीकरण महिन्याभरात उरकलं. हे वाचून नाटकवाल्याला आपल्याच घरची गोष्ट वाटते: आधी तालीम, मग नेपथ्य, मग भराभर प्रयोग.

पण ‘हे म्हणजे नाटकच’ असं जे बोललं जातं ते मला पटत नाही. नाटकात चुकलं तर सावरता येतं. सिगारेटचं पाकीट टेबलावर नसलं तर समोरचा खिशातून काढून देतो, वाक्य गेलं तर दुसरा पुढचं उचलतो, आणि प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. शिवाय समोर माणसं असतात, त्यांच्या श्वासावर नट स्वार होतो. इथे दहा मिनिटांच्या शॉटमध्ये नवव्या मिनिटाला तू मार्क, म्हणजे आखून दिलेली जागा, सोडून वीतभर पुढे उभा राहिलास तर फोकस जाणार आणि सगळ्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून. नाटकाचा ताण आहे, नाटकाची सवलत नाही. कॅमेऱ्याची कडक शिस्त आहे, कॅमेऱ्याचे ‘वन मोअर’चे छोटे तुकडे नाहीत. म्हणजे दोन्हीकडची अवघड बाजू. यात नट गरीब-बिचारा मार्क मोजत बसलेला दिसायला हवा होता. तसा कुणीच दिसत नाही, हे कौतुक.

उलट सावरण्याची कला काय असते तेही आहेच. प्रयोग चालू असताना रिगन मागच्या दाराबाहेर सिगारेट ओढायला जातो, दार बंद होतं, अंगावरचा झगा दारात अडकतो. बाबा अंतर्वस्त्रावर टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीतून चालत वळसा घालतो आणि प्रेक्षागृहाच्या दारातून, हाताची दोन बोटं पिस्तुलासारखी रोखून, प्रवेश चालू ठेवतो. तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. माणूस नागडा-उघडा, हातात प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं पिस्तूल, नाही, एन्ट्री चुकीच्या दिशेने, आणि तरी क्यू सोडलेला नाही. बोटांचं पिस्तूल इथे चालून जातं हे ध्यानात ठेव, आणि मग शेवटचं खरं पिस्तूल बघ.

बाहेर लोकांनी मोबाइलवर टिपलेला तो व्हिडिओ तासाभरात लाखोंनी पाहिलेला असतो. सॅम बापाला सांगते, पटो न पटो, ताकद ही आहे. त्याच सॅमने आधी त्याला फाडून खाल्लेलं असतं: तू महत्त्वाचा नाहीस, जुन्या पुस्तकावरचं नाटक तू हजारभर श्रीमंत म्हाताऱ्यांसाठी करतोयस ज्यांचं लक्ष नंतर कॉफी आणि केक कुठे घ्यायचा याकडे असतं. (आपल्याकडे मध्यंतरातला बटाटेवडा म्हण.) ते भाषण सगळ्यांना पाठ आहे, ऑडिशनला मुली करतात, आणि सगळ्या चुकतात, कारण त्या रागावर थांबतात. एमा स्टोनचं खरं काम भाषण संपल्यावर आहे. ती काही बोलत नाही. आपण बापाला कुठे मारलं ते तिला चेहऱ्यावर हळूहळू कळत जातं आणि कॅमेरा हलत नाही. मालिकेत इथे तीन झूम आणि ढॅण-ढॅण झालं असतं.

संगीतावरून आठवलं. अँटोनियो सँचेझ यांनी जवळजवळ नुसत्या ड्रम्सवर सगळा सिनेमा तोलला आहे. कट नसले की संकलक नंतर लय सुधारू शकत नाही. प्रयोग पडला तर पडला. ती लय हे ड्रम्स धरून ठेवतात. ऑस्करवाल्यांनी मात्र चित्रपटात अभिजात संगीताचे तुकडेही वापरलेत म्हणून ते संगीत स्पर्धेत घेतलंच नाही. सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली. कीटनला मिळालं नाही.

प्रसिद्धी आणि कला यांच्यातला हा झोंबाझोंबीचा खेळ आपल्या गावाला नवा नाही. रिगनची गोष्ट उलटी वाचायची तर प्रभातच्या आवारात जा, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी तिथे ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली. भामिनी आणि सिंधू या स्त्रीभूमिकांमुळे ज्यांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, ते पुरुषवेषात, कॅमेऱ्यासमोर. जम बसला नाही आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. सिनेमातून नाटकाकडे येणारा रिगन ‘खरा’ व्हायला आला. नाटकातून सिनेमाकडे गेलेले बालगंधर्व कर्जाच्या आणि काळाच्या रेट्याने गेले. दोघांना प्रेक्षकांनी एकाच रूपात बघायचं ठरवलं होतं. प्रसिद्धीचा त्रास हा आहे. पैसा आणि फोटो वगैरे नंतरचं.

त्यामुळे मालिकेबद्दल. घे. प्रायोगिक नाटकावर घर चालत नाही हे तुला मी सांगायला नको, आणि व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ‘अमुक मालिका फेम’ छापल्याशिवाय बुकिंग उघडत नाही, हेही तुला दिसतंय. मालिकेने अभिनय बिघडतो हे अर्धसत्य आहे. बिघडतो तो एका विशिष्ट सवयीने: समोरच्याचा क्लोज-अप चालू असताना तू फोन बघत बसतोस, तुझ्या क्लोजला त्याची वाक्यं कुणीतरी सहायक वाचतो, आणि वर्षभराने तुला समोर माणूस असण्याची गरजच वाटेनाशी होते. रिगन पहिल्या तालमीत होता तसा तू होतोस. समोरच्याच्या क्लोजला त्याच्यासमोर उभा राहा, वाक्यं स्वतः दे. लोक हसतील. आणि महिन्यातले किती दिवस ते घेणार, प्रयोगांच्या तारखांना सुट्टी मिळणार का, हे करारात लिहून घे. तोंडी ‘बघू रे, करू अ‍ॅडजस्ट’ला काही अर्थ नसतो.

सिनेमा पुन्हा बघशील तेव्हा सगळा बघत बसू नकोस. तो तालमीचा प्रसंग लाव. पहिल्यांदा फक्त नॉर्टन बघ, दुसऱ्यांदा फक्त कीटन, तिसऱ्यांदा आवाज बंद करून दोघांचे डोळे. मग तुझ्या चालू नाटकातलं एक पान घे, त्यात जे वाक्य आधीच्याच वाक्याचा अर्थ पुन्हा सांगतं ते सहकलाकाराला तुझ्यासाठी खोडायला लाव, आणि उरलेलं पान त्याच्याबरोबर कर. लेखकाला आत्ताच सांगू नकोस.